यंत्रयुगाचे शिक्षक : लक्ष्मणराव किर्लोस्कर

हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या साठ वर्षांकडे वळून पाहताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. या काळात आपल्या माजी विद्यार्थ्यांनी ज्या व्यवसायांवर संसार उभे केले, त्यांपैकी काही व्यवसाय आज जवळजवळ नाहीसे झाले आहेत. छापखान्यात एकेक खिळा जुळवणारे जुळारी, कचेऱ्यांतील टंकलेखक, टेलिफोन केंद्रातील ऑपरेटर, तक्त्यावर शाईने आराखडे काढणारे ड्राफ्ट्समन यांची कामे यंत्रांनी आणि पुढे संगणकाने आपल्याकडे घेतली. आता तर संगणक मजकूर लिहू लागला आहे आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेही देऊ लागला आहे. साहजिकच पालकसभेत एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. आपले मूल मोठे होईल तेव्हा त्याच्या हाताला कोणते काम असेल, आणि त्या कामासाठी त्याने आज काय शिकावे? महाराष्ट्राबाहेर राहून मुलांना जाणीवपूर्वक मराठी माध्यमात घालणाऱ्या पालकांच्या मनात या प्रश्नाबरोबर आणखी एक शंका असते. उद्याच्या जगाची भाषा यंत्रांची असेल, तर मायबोलीत घेतलेले शिक्षण तिथे पुरे पडेल का?

या प्रश्नांना तयार उत्तर नाही. परंतु जुने काम संपत असताना नव्या कामासाठी स्वतःला आणि इतरांना घडवण्याचा प्रसंग सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी माणसावर आला होता, आणि एकदा नव्हे तर अनेकदा आला होता. ते होते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. कारखानदार म्हणून त्यांचे नाव सर्वांना परिचित आहे. त्यांच्या आयुष्याचा आरंभ मात्र शिक्षक म्हणून झाला, आणि नोकरी सुटली तरी त्यांच्यातील शिक्षक अखेरपर्यंत सुटला नाही. शाळेच्या स्मरणिकेत त्यांचे स्मरण करावे ते मुख्यतः यासाठी.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. आसमंत कानडी भाषेचा आणि घर मराठी, अशा वातावरणात लक्ष्मणराव वाढले. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे पंडित होते. मुलाने परंपरेने चालत आलेल्या विद्येची वाट धरावी, ही त्या काळच्या घराची स्वाभाविक अपेक्षा. लक्ष्मणरावांचे मन मात्र पोथ्यांत रमले नाही. त्यांना दोनच गोष्टींची ओढ होती : चित्रे काढणे आणि यंत्रे पाहणे. थोरले बंधू रामूअण्णा यांनी धाकट्या भावाचा हा कल ओळखला आणि खर्चाचा भार स्वीकारून 1885 मध्ये त्यांना मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत पाठवले.

चित्रकार होण्याची इच्छा घेऊन मुंबईस आलेल्या या तरुणाला दोन वर्षांत एक कठोर सत्य उमगले. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नव्हता. रंगांधळेपण हा काही आळसाने किंवा अभ्यासाच्या उणिवेने आलेला दोष नाही आणि कितीही परिश्रम घेतले तरी तो जात नाही. घरच्यांचा विरोध पत्करून आणि भावाच्या पैशांवर निवडलेली वाट अशी मध्येच बंद झाली. अशा वेळी माणूस एक तर गावी परततो, किंवा दैवाला दोष देत त्याच वाटेवर रेंगाळतो. लक्ष्मणरावांनी आपल्याजवळ काय उरले आहे ते पाहिले. रंग गेले होते, पण रेषा शाबूत होती. हात स्थिर होता, प्रमाणाची जाण होती आणि वस्तू मनाने उलगडून पाहण्याची दृष्टी होती. त्यांनी यांत्रिक रेखाटन शिकायला घेतले. यंत्राचा आराखडा काढताना रंगाची नव्हे, अचूकपणाची गरज असते.

याच सुमारास, 1887 मध्ये, मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली होती. आज ती वीरमाता जिजाबाई यांच्या नावाने ओळखली जाते. मुंबईत कापडगिरण्या वाढत होत्या, गिरण्यांना यंत्रे सांभाळणारी माणसे हवी होती आणि ती माणसे घडवण्याची सोय देशात फारशी नव्हती. या संस्थेत लक्ष्मणरावांना यांत्रिक रेखाटनाचे साहाय्यक शिक्षक म्हणून काम मिळाले. वर्गातले काम संपले की ते संस्थेच्या कर्मशाळेत जात. ज्या यंत्रांची चित्रे ते फळ्यावर काढत, ती चालतात कशी, बिघडतात कोठे आणि दुरुस्त कशी होतात, हे त्यांनी हात काळे करून शिकून घेतले. शिकवणारा स्वतः शिकत राहिला. आपल्या चित्रांत जे दिसत नाही ते यंत्राजवळ गेल्याखेरीज कळणार नाही, हे त्यांनी जाणले आणि पुढच्या सर्व आयुष्याची भांडवली ठेव येथेच जमा केली.

नोकरी चालू असतानाच दोघा भावांनी बेळगावात सायकलींचा व्यापार आरंभला. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ 1888 पासून मानला जातो तो यामुळे. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकत. सायकल हे त्या काळी अगदी नवे, नवलाचे वाहन होते. ते चालवता येत नसेल तर कोण विकत घेणार? म्हणून रामूअण्णा शुल्क घेऊन लोकांना सायकल चालवायलाही शिकवत. नवे साधन विकायचे तर ते वापरण्याचे कौशल्यही आपणच लोकांना द्यावे लागते, हा धडा किर्लोस्कर बंधूंना या दुकानाने दिला.

मुंबईतील संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांचा हक्क डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास परतले. निश्चित पगाराची नोकरी सोडून येणे हे कुटुंबवत्सल माणसाला सोपे नसते. बेळगावात त्यांनी लहानशी कर्मशाळा थाटली आणि प्रथम कडबा कापण्याची यंत्रे तयार केली. त्यानंतर त्यांनी हाती घेतला तो लोखंडी नांगर.

या नांगराची कथा अनेकांनी ऐकलेली असेल, परंतु तिचा पूर्वार्ध सहसा विस्मरणात जातो. नांगर तयार झाले, पण ते घ्यायला कोणी येईना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांत समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. अडाणीपणा म्हणून या समजुतीला हसणे सोपे आहे. पण वर्षाचे धान्य ज्या जमिनीवर अवलंबून, तिच्यात अनोळखी वस्तू घालताना शेतकरी बिचकला, तर तो भाबडेपणा खचितच नव्हता. शिवाय लाकडी नांगर गावचा सुतार करून देई, आणि त्याची मजुरी बलुत्यात ठरलेली असे. नवा नांगर आला की त्या सुताराचे एक काम कमी होणार होते. प्रत्येक नव्या यंत्राबरोबर कोणाच्या तरी हातचे जुने काम जाते, हे त्या काळीही खरे होते आणि आजही खरे आहे. त्याकडे डोळेझाक करून प्रगतीची वर्णने करण्यात अर्थ नाही.

नांगर विकले जाऊ लागल्यावर दुसरी अडचण पुढे आली. फाळ विलायती नांगराइतका टिकत नाही, टोक लवकर झिजते, अशी तक्रार आली. तक्रार खरी होती. ओतीव लोखंडाचा रस वाळूच्या साच्यात सावकाश निवतो आणि तुलनेने मऊ राहतो. तोच रस साच्यात ठेवलेल्या लोखंडी तुकड्याला टेकून झटकन गोठला, तर त्याचा तेवढा भाग अतिशय कठीण होतो. ओतकामातील ही विद्या पुस्तकात वाचून साधत नाही. लोखंड कोणते, रस किती तापलेला, साचा कसा, हे सारे भट्टीपाशी उभे राहून, पुन्हा पुन्हा ओतून आणि फोडून पाहावे लागते. लक्ष्मणरावांनी ते केले, फाळ सुधारला आणि गिऱ्हाईक टिकले. त्यांच्या आयुष्यात ग्राहकाची तक्रार हा नेहमीच पुढचा पाठ ठरलेला दिसतो.

व्यवसायाला जेमतेम आकार येत असताना शहराच्या वाढीसाठी कर्मशाळेची जागा रिकामी करण्याची वेळ आली. यंत्रे आहेत, माणसे आहेत, पण पाय टेकायला जमीन नाही, अशी अवस्था झाली. या संकटात औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास आले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. चित्रकलेने ज्याला दूर लोटले त्याला एका चित्रकार राजाने आधार दिला, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळील सुमारे 32 एकर जमीन आणि बिनव्याजी दहा हजार रुपये त्यांनी लक्ष्मणरावांना दिले. जमीन माळरानाची होती. निवडुंग माजलेला होता आणि सापांचा सुळसुळाट होता. 10 मार्च 1910 रोजी मोजके कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तेथे राहायला गेले. तीच पुढे किर्लोस्करवाडी झाली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे.

जागेचा प्रश्न सुटला, पण माणसांचा प्रश्न त्याहून अवघड होता. अशा आडरानात तयार कारागीर कोण येणार? मुंबईत शिकलेल्या तंत्रज्ञाला तेथे येण्याचे कारण नव्हते, आणि आसपासच्या खेड्यांतील माणसांनी लेथ पाहिलाही नव्हता. तयार माणसे मिळत नसतील तर ती घडवायची, एवढाच मार्ग उरला. लक्ष्मणरावांतील शिक्षकाची खरी परीक्षा येथे झाली.

वाडीत पहिल्या काळात जमलेल्या माणसांची नावे पाहिली तर आश्चर्य वाटते. थोरले बंधू रामूअण्णा वसाहतीची आखणी आणि व्यवस्था पाहू लागले. शंभूराव जांभेकर ओतकामापासून यंत्रांच्या दुरुस्तीपर्यंतचा भार वाहू लागले. मंगेशराव रेगे यांनी हिशेबाची घडी बसवली. अनंतराव फळणीकर हे शालेय शिक्षणात अपयशी ठरलेले गृहस्थ, पण वाडीत ते कल्पक अभियंता म्हणून नावारूपास आले. दरोड्याच्या गुन्ह्यासाठी शिक्षा भोगून आलेल्या दोघांना लक्ष्मणरावांनी वाडीचे राखणदार नेमले, आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडक होता. माणूस कोण होता यापेक्षा तो काय शिकू शकेल, याकडे लक्ष्मणरावांची नजर असे. परीक्षेत नापास झालेला मनुष्य शिकण्याच्या लायकीचा नसतो, असे त्यांनी मानले नाही. स्वतः चित्रकलेत अपुरे ठरलेल्या माणसाला हे इतरांपेक्षा अधिक नेमके ठाऊक असणार.

या कारखान्यात शिकण्याची रीतही ध्यानात घेण्यासारखी आहे. खेड्यातून आलेल्या शेतमजुराला इंग्रजी येत नव्हते. त्याला साचा भरायला, रस ओतायला, जोडकाम करायला आणि मापात काम करायला शिकवायचे ते त्याच्या ओळखीच्या मराठीतून. लेथ, फिटर, टर्नर, मोल्डर हे शब्द त्या मराठीत मुक्काम करून राहिले आणि कोणाला परके वाटेनासे झाले. एक सूत इकडे किंवा तिकडे झाले तर भाग बसणार नाही, ही जाणीव हाताला झाली की पुढचे शिक्षण सोपे होते. नांगर जमिनीत कसा चालतो हे मात्र त्या शेतकऱ्याच्या मुलाला शिकवावे लागत नव्हते. ते तो घरूनच घेऊन आला होता.

पहिल्या महायुद्धाने विलायती नांगरांची आवक थांबवली आणि किर्लोस्करांच्या नांगरांना मागणी वाढली. पण त्याच युद्धामुळे लोखंड आणि कोळसाही मिळेनासा झाला. दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळशावर भट्टी चालवण्याचे प्रयोग करावे लागले. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी आपल्या संस्थानातील जुन्या, निकामी तोफा वितळवण्यासाठी दिल्या, आणि त्या लोखंडाचे नांगर झाले. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. नांगरांपाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप, पुढे यांत्रिक पंप आणि तेलावर चालणारी इंजिने असा क्रम लागला. मोटेच्या बैलांचे काम हळूहळू इंजिनाकडे गेले. तेव्हा वाडीतील कामगाराला नांगराचे काम येते एवढ्यावर भागेना. पंपाची अचूकता निराळी, इंजिनाची त्याहून निराळी. प्रत्येक नव्या वस्तूबरोबर त्याच हातांना पुन्हा उमेदवारी करावी लागली. 1930 नंतर जगभर मंदी आली तेव्हा लोखंडी फर्निचरही वाडीत तयार होऊ लागले.

याच 1920 मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याची वार्ता देण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे मराठीतील अग्रगण्य मासिक झाले, आणि त्याच घरातून स्त्री व मनोहर ही मासिकेही निघाली. भट्ट्या आणि लेथ यांच्या सान्निध्यात मराठी गद्याला नवे वळण लागले. दुसरीकडे लक्ष्मणरावांनी पुत्र शंतनुरावांना अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत यंत्रशास्त्र शिकायला पाठवले. 1926 मध्ये ते पदवी घेऊन परतले. स्वतः अनुभवाने शिकलेल्या पित्याला पद्धतशीर उच्च शिक्षणाचे मोल कमी वाटले नाही, आणि परदेशी पदवी घेतलेल्या पुत्रालाही वाडीतील ओतशाळेत उभे राहावे लागले. मायबोली आणि जगाची विद्या या दोहोंत एकाची निवड करावी लागते, असे या घराने कधी मानले नाही. त्यामुळेच महाराष्ट्राबाहेर पाऊल टाकताना त्यांना संकोच वाटला नाही. 1941 मध्ये हरिहर येथे यंत्रे घडवणाऱ्या यंत्रांचा, म्हणजे लेथचा कारखाना निघाला, आणि 1946 मध्ये बेंगळुरू येथे विद्युत यंत्रांचा व पुण्यात तेल इंजिनांचा कारखाना उभा राहिला.

उतारवयात लक्ष्मणरावांना एक दारुण प्रसंग पाहावा लागला. महात्मा गांधींच्या हत्येनंतर 1948 च्या आरंभी उसळलेल्या दंगलींची झळ किर्लोस्करवाडीला पोहोचली आणि कारखान्याला आग लावण्यात आली. चाळीस वर्षांच्या श्रमांचा मोठा भाग डोळ्यांदेखत जळाला. लक्ष्मणराव त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. पण यंत्रे जळाली तरी ती घडवणारे हात आणि त्या हातांत मुरलेले कसब जळाले नव्हते. कारखाना पुन्हा उभा राहिला. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. 1885 मध्ये रामूअण्णांनी धाकट्या भावाला मुंबईस पाठवले, तेव्हा हा मुलगा पुढे नांगर, पंप आणि इंजिने घडवील, हे त्यांना ठाऊक असणे शक्यच नव्हते. त्या वेळी त्यातील बऱ्याच वस्तू आपल्याकडे कोणी पाहिल्याही नव्हत्या. रामूअण्णांनी मुलाची ओढ पाहिली आणि त्याला शिकू दिले. ज्या विद्येसाठी पाठवले ती साधली नाही, तरी त्यांनी हात आखडता घेतला नाही. आजच्या पालकालाही याहून वेगळे काही करता येईल असे वाटत नाही. आपल्या पाल्याने अमुकच विषय घ्यावा म्हणजे त्याचा चरितार्थ निर्वेध होईल, अशी हमी आता कोणीच देऊ शकत नाही. कालपर्यंत भरवशाचा वाटणारा विषय त्याच्या पदवीपूर्वीच जुना होण्याचा संभव आहे.

शाळेला देता येतात त्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या लवकर जुन्या होत नाहीत. वाचलेले नीट समजून घेणे, माप अचूक घेणे, हाताने काम करण्याचा संकोच न बाळगणे, चूक दाखवणाऱ्याचे ऐकणे आणि एक वाट बंद झाली तर आपल्याजवळ उरलेल्या शिदोरीची मोजदाद करून दुसरी वाट धरणे. हे सारे प्रथम त्याच भाषेत शिकावे जिच्यात मूल विचार करते. तो पाया पक्का झाला की त्यावर इंग्रजीही चढते आणि संगणकाची भाषाही चढते. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या आणि आज देशोदेशी निरनिराळ्या व्यवसायांत असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी स्वतःच्या आयुष्यात हे अनुभवले असेल.

लक्ष्मणरावांनी पन्नासहून अधिक वर्षे माणसे शिकवली. त्यांतील फार थोडी वर्षे ते वर्गात उभे होते. हीरकमहोत्सवी वर्षात आपल्या शाळेतील प्रयोगशाळेच्या टेबलाशी किंवा संगणक कक्षात एखादा विद्यार्थी पहिला प्रयत्न फसल्यावर दुसरा करताना दिसला, तर त्याला थोडा अधिक वेळ द्यावा. किर्लोस्करवाडीच्या माळावरही आरंभ असाच झाला होता.